लिओनार्दो आणि राफाएल यांची पाचशेवी पुण्यतिथी आणि रेनेसान्स कलेची प्रदर्शने : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाश्चात्त्य चित्रकलेवर मराठीतून बोलायला लागल्यापासून व्याख्यान संपल्यावर आणि पुढे पत्रांतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांपैकी रेनेसान्स प्रदर्शनांविषयीचे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्न २०१९ मध्ये पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात भरलेल्या लिओनार्दो प्रदर्शनाच्या आणि २०२० मधील रोमच्या राफाएल प्रदर्शनाच्या निमित्ताने आले. त्यामुळे उत्तरेही मुख्यतः त्या दोन प्रदर्शनांच्या आधारानेच दिली आहेत. एका उत्तरात येऊन गेलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही. तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. रेनेसान्स म्हणजे नेमका कोणता काळ? त्याला मराठीत ‘प्रबोधन’ म्हणावे का?

ढोबळमानाने पंधरावे आणि सोळावे शतक, आणि आरंभ इटलीत, विशेषतः फ्लॉरेन्समध्ये. शब्दाचा अर्थ पुनर्जन्म. पुनर्जन्म कशाचा, तर ग्रीक-रोमन विद्येचा आणि कलेचा. मराठीत ‘प्रबोधनकाळ’ आणि ‘पुनरुज्जीवन’ हे दोन्ही शब्द छापले जातात. तथापि ‘प्रबोधन’ म्हटले की आपल्या वाचकाला बाळशास्त्री जांभेकर, लोकहितवादी आणि जोतीराव फुले आठवतात, फ्लॉरेन्स आठवत नाही. म्हणून मी ‘रेनेसान्स’ हाच शब्द वापरतो. संग्रहालयेही ही सीमा फार काटेकोर पाळत नाहीत. आल्ब्रेख्त ड्यूररसारखा जर्मन किंवा हिएरोनिमस बॉशसारखा नेदरलँड्सचा चित्रकार ‘उत्तरेकडील रेनेसान्स’ या नावाखाली येतो. काराव्हाज्जो मात्र १५७१ मध्ये जन्मलेला, आणि तो पुढच्या, म्हणजे बरोक काळाचा मानला जातो.

२. २०१९ आणि २०२० या दोन वर्षांतच एवढी प्रदर्शने का भरली?

लिओनार्दो दा विंची २ मे १५१९ रोजी फ्रान्समधील आंब्वाज येथे वारला. राफाएल ६ एप्रिल १५२० रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, रोममध्ये वारला. तेव्हा तो ३७ वर्षांचा होता. दोघांच्या पाचशेव्या पुण्यतिथ्या लागोपाठच्या वर्षी आल्या आणि ज्या संग्रहालयाकडे त्यांचे काहीही होते त्या प्रत्येकाने काही ना काही मांडले. ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात लिओनार्दोची पाचशेहून अधिक रेखाटने आहेत. त्यांतील १४४ रेखाटने २०१९ च्या फेब्रुवारीत ब्रिटनमधल्या १२ ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी १२ याप्रमाणे, एकाच वेळी मांडली गेली. मला ही कल्पना पॅरिसच्या भव्य प्रदर्शनाइतकीच आवडते, कारण लोकांना राजधानीत बोलावण्याऐवजी तिच्यात चित्रे गावोगावी गेली.

३. लूव्रच्या लिओनार्दो प्रदर्शनात होते तरी काय?

प्रदर्शन २४ ऑक्टोबर २०१९ ते २४ फेब्रुवारी २०२० असे चार महिने चालले. व्हँसाँ देलियवाँ आणि लुई फ्रँक या दोन क्युरेटरांनी, म्हणजे प्रदर्शन रचणाऱ्या तज्ज्ञांनी, त्यावर दहा वर्षे काम केले होते. पहिल्या दालनात गेलेल्या माणसाला प्रथम लिओनार्दोचे काहीच दिसत नसे. समोर उभा असे त्याच्या गुरूचा, म्हणजे वेरोक्क्योचा, ख्रिस्त आणि संत थॉमस यांचा ब्राँझमधला शिल्पसमूह. थॉमस ख्रिस्ताच्या कुशीतल्या जखमेकडे हात नेत आहे, आणि दोघांच्या अंगावरच्या वस्त्रांच्या चुण्या इतक्या खोल आहेत की सावली त्यांत पाण्यासारखी साचते. भोवतालच्या भिंतींवर तागाच्या कापडावर कुंचल्याने केलेले चुण्यांचे अभ्यास होते. तरुण लिओनार्दोने छाया-प्रकाश कोठे गिरवला, हे एकही परिच्छेद न लिहिता त्या मांडणीतून कळत होते.

पुढे व्हॅटिकनचा ‘संत जेरोम’, मिलानच्या आंब्रोझियानातील ‘संगीतकार’, पार्माची ‘ला स्कापिल्याता’ म्हणजे विस्कटल्या केसांची तरुणी, सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाजची ‘बेन्वा मॅडोना’ आणि लूव्रची स्वतःची चित्रे होती. जी चित्रे येऊ शकली नाहीत त्यांची इन्फ्रारेड छायाचित्रे मूळ आकारात टांगलेली होती. रंगाखालचे रेखाटन त्यांत दिसते, आणि लिओनार्दो किती वेळा विचार बदलत असे हेही.

एकूण १०,७१,८४० लोकांनी हे प्रदर्शन पाहिले. लूव्रमधला आधीचा उच्चांक २०१८ च्या देलाक्र्वा प्रदर्शनाचा होता, सुमारे ५,४०,०००.

४. मोनालिसा त्या प्रदर्शनात नव्हती, हे खरे का?

खरे आहे, आणि अनेकांची निराशा झाली. प्रदर्शन काचेच्या पिरॅमिडखालच्या दालनांत होते. मोनालिसा वरच्या मजल्यावर तिच्या नेहमीच्या जागीच राहिली. कारण हिशेबी होते. तिला पाहायला तेव्हा रोज सुमारे ३०,००० लोक येत आणि प्रदर्शनाच्या दालनांत त्याच्या एका अंशाइतकीच माणसे मावत. ती खाली आणली असती तर प्रदर्शन पाहणेच अशक्य झाले असते. तिकिटावर दोन्ही पाहता येत होते. ज्यांना गर्दी नको होती त्यांच्यासाठी प्रदर्शनात काही मिनिटांचा व्हर्च्युअल रिॲलिटीचा अनुभव ठेवला होता. तो मी गांभीर्याने घेत नाही.

मोनालिसा देशाबाहेर गेलीच नाही, असे मात्र नाही. १९६३ मध्ये ती वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्कला, आणि १९७४ मध्ये टोकियो आणि मॉस्कोला जाऊन आली. ७७ × ५३ सेंटिमीटरच्या पॉप्लर लाकडाच्या पातळ फळीवर ती रंगवलेली आहे आणि त्या फळीला वरच्या कडेपासून जुनी चीर आहे. आज असा प्रवास कोणी सुचवणार नाही.

५. लिओनार्दो इटलीचा, मग मुख्य प्रदर्शन पॅरिसला कसे?

हा प्रश्न इटलीतही विचारला गेला, आणि तोही सरकारातून. २०१८ च्या नोव्हेंबरात तेथील संस्कृती खात्याच्या उपमंत्री लुचिया बोर्गोन्झोनी यांनी जाहीरपणे म्हटले की लिओनार्दो इटालियन आहे, तो फ्रान्समध्ये फक्त मेला. त्याआधीच्या सरकारने ठरवलेली देवाणघेवाण त्यांना एकतर्फी वाटत होती.

वस्तुस्थिती अशी की लिओनार्दोची निर्विवाद मानली जाणारी चित्रे वीसहून कमी आहेत आणि त्यांपैकी पाच लूव्रकडे आहेत. एवढी दुसऱ्या कोणाकडेही नाहीत. ही चित्रे काही लुटीची नाहीत. राजा फ्रान्स्वा पहिला याच्या निमंत्रणावरून आयुष्याच्या शेवटी तो फ्रान्सला गेला, आणि जाताना काही चित्रे सोबतच घेऊन गेला. २०१९ च्या सप्टेंबरात दोन्ही देशांच्या संस्कृतिमंत्र्यांनी करार केला: इटलीने पॅरिसला लिओनार्दो द्यायचा, फ्रान्सने रोमला राफाएल. आपल्याकडे शेजारणीला वाटीभर साखर दिली की वाटी रिकामी परत येत नाही. संग्रहालयांची उसनवारी याच न्यायाने चालते.

६. व्हिट्रुव्हियन मॅनवरून कोर्टकचेरी झाली ती काय होती? आणि त्या एका कागदाचे एवढे काय?

वर्तुळ आणि चौकोन यांत हातपाय पसरून उभा असलेला, लिओनार्दोने काढलेला तो पुरुष साधारण १४९० मधला आहे आणि व्हेनिसच्या आकादेमिया संग्रहालयाच्या मालकीचा आहे. वारसाजतनासाठी झटणाऱ्या ‘इतालिया नोस्त्रा’ या संस्थेने तो पॅरिसला पाठवण्याविरुद्ध दाद मागितली. कागद नाजूक आहे आणि संग्रहाचा जो गाभा असतो तो बाहेर पाठवता येत नाही, असे तिचे म्हणणे होते. प्रदर्शन दोन आठवड्यांवर आले असताना, ८ ऑक्टोबर २०१९ रोजी, व्हेनिसच्या प्रशासकीय न्यायालयाने तात्पुरती स्थगिती दिली आणि १६ ऑक्टोबरला ती उठवली. चित्र पॅरिसला गेले, पण चार महिन्यांसाठी नाही, फक्त आठ आठवड्यांसाठी. डिसेंबरच्या मध्यानंतर गेलेल्यांना ते दिसले नाही, आणि त्याबद्दलची तक्रारपत्रे मला अजून येतात.

आता दुसरा भाग. हे चित्र आपण नाण्यांवर, दवाखान्यांच्या पाट्यांवर आणि बनियनांवर इतके पाहिलेले असते की ते मोठे असेल असे वाटते. प्रत्यक्षात तो वहीच्या पानापेक्षा थोडा मोठा, ३४ × २४ सेंटिमीटरच्या आसपासचा कागद आहे. जवळून पाहिले तर शाईखाली धातूच्या टोकाने आधी ओढलेल्या रेघा दिसतात आणि कर्काटकाचे टोक जेथे रोवले तेथे बारीक भोके दिसतात. चित्राच्या वर आणि खाली उजवीकडून डावीकडे जाणारा, आरशात धरूनच वाचता येईल असा मजकूर आहे. पुरुषाच्या पायांखाली एक मोजपट्टी आखलेली आहे, आणि तिच्या दोन टोकांना बोटे आणि तळवे (म्हणजे तळहाताची रुंदी) यांच्या खुणा आहेत.

रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हिअस याचा हिशेब त्या मजकुरात दिला आहे: चार बोटांचा एक तळवा, चार तळव्यांचे एक पाऊल, सहा तळव्यांचा एक हात आणि चार हातांचा माणूस. येथे मराठी वाचक थबकतो, कारण आपल्याकडे देह साडेतीन हातांचा. हातही तोच, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा. स्वतःला मोजून पाहिले तर आपलाच आकडा बहुधा जवळ येतो. व्हिट्रुव्हिअसला पूर्णांक हवे होते, कारण त्याला माणसाचे माप देवळाच्या मापाशी जुळवायचे होते.

७. रेखाटनांची दालने इतकी अंधारी का असतात? वयस्कर माणसांना माहितीफलक वाचता येत नाहीत.

तक्रार रास्त आहे. कागदावरच्या कामावर साधारण ५० लक्सहून (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) अधिक प्रकाश पडू देत नाहीत. भर दुपारच्या उन्हात हाच आकडा एक लाखाच्या घरात असतो. प्रकाशाने कागद पिवळतो, काही शाया फिकट होतात, आणि झालेले नुकसान भरून येत नाही. म्हणून एखादे रेखाटन तीन-चार महिने दाखवले की पुढे काही वर्षे अंधाऱ्या कपाटात विश्रांती घेते. व्हिट्रुव्हियन मॅन व्हेनिसमध्येही एरवी पाहायला मिळत नाही, त्याचे कारण हेच. डोळे अंधाराला सरावायला काही मिनिटे लागतात. दालनात शिरल्यावर आधी बाकावर बसावे. फलक वाचण्यासाठी मोबाइलचा दिवा लावू नये, पहारेकरी लगेच धावून येतात.

८. ही चित्रे उसनी कशी मिळतात? भाडे द्यावे लागते का?

मोठ्या सार्वजनिक संग्रहालयांमध्ये सहसा भाडे नसते, परतफेड असते. लंडनच्या नॅशनल गॅलरीने २०११-१२ च्या लिओनार्दो प्रदर्शनासाठी लूव्रची ‘व्हर्जिन ऑफ द रॉक्स’ आणली आणि आपल्याकडच्या दुसऱ्या आवृत्तीसमोर एकाच दालनात टांगली. लगेच पुढच्या वसंतात लूव्रच्या ‘संत ॲन’ प्रदर्शनासाठी लंडनने आपले मोठे बर्लिंग्टन हाउस रेखाटन पाठवले. खर्च असतो तो पेटारे, वाहतूक, सोबत जाणारा संग्रहालयाचा माणूस आणि विमा यांचा. विम्याचे आकडे कोणत्याही संग्रहालयाला पेलणारे नसल्यामुळे ब्रिटनसारख्या देशांत सरकार हमी देते.

ज्याच्याकडे परतफेडीला काहीच नाही त्याने काय करावे? याचे उत्तर नेदरलँड्समधल्या एका गावाने दिले. बॉश ज्या गावात जन्मला आणि वारला त्या स-हर्टोगेनबॉसच्या संग्रहालयात त्याचे एकही चित्र नव्हते. पाचशेव्या पुण्यतिथीला, २०१६ मध्ये, तेथे त्याची १७ चित्रे जमली. त्यांनी आधी एक संशोधन प्रकल्प उभारला, जगभरच्या संग्रहालयांतील बॉशची चित्रे आधुनिक यंत्रांनी तपासून दिली, काहींची दुरुस्ती करून दिली, आणि त्या बदल्यात चित्रे मागितली. चार लाखांहून अधिक लोक आले. या प्रकल्पाने माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातील काही चित्रे बॉशची नसावीत असा निष्कर्ष काढला, तेव्हा प्रादोने त्यांतील दोन पाठवायचे रद्द केले.

९. संग्रहालयाचा प्रमुख चित्र द्यायला तयार असला की झाले ना?

नाही. जतन विभागाचे तज्ज्ञ नकार देऊ शकतात, आणि फ्लॉरेन्सच्या उफीझी संग्रहालयाचे उदाहरण त्यासाठी पुरेसे आहे. लूव्रला तेथली ‘उद्घोषणा’, ‘मागींचे पूजन’ आणि ‘ख्रिस्ताचा बाप्तिस्मा’ ही तीन चित्रे मिळाली नाहीत, कारण त्यांच्या लाकडी फळ्या प्रवास सोसणार नाहीत असे उफीझीने कळवले. पुढच्याच वर्षी याच उफीझीने राफाएलचे पोप लिओ दहावा याचे व्यक्तिचित्र रोमला पाठवले. हे चित्र जागचे हलवू नये असे संग्रहालयाच्या वैज्ञानिक समितीचे मत होते. ते डावलले गेले म्हणून २०२० च्या फेब्रुवारीत समितीच्या चारही सदस्यांनी राजीनामे दिले. चित्राची नुकतीच डागडुजी झाली होती आणि ते प्रवासाला योग्य आहे, अशी संचालकांची बाजू होती. चित्र सुखरूप परतले. तरीही समितीचे चुकले असे मी म्हणणार नाही, कारण जोखीम निभावली म्हणजे ती नव्हती असे होत नाही.

१०. रोमच्या राफाएल प्रदर्शनात मृत्यू आधी आणि जन्म नंतर, असे का?

प्रदर्शनाचे नावच ‘राफाएल १५२०–१४८३’ असे होते. क्विरिनाले राजवाड्याच्या जुन्या पागेत शिरल्यावर पहिल्यांदा पँथिऑन या प्राचीन रोमन देवळातल्या त्याच्या समाधीची पूर्णाकृती प्रतिकृती दिसे, आणि तेथून पावले मागे मागे जात उर्बिनोतल्या पोरवयापर्यंत पोहोचत. यात गंमत कमी आणि विचार जास्त होता. राफाएल म्हटले की आपल्याला गोंडस मॅडोना आठवतात, म्हणजे त्याचा आरंभीचा काळ. शेवटच्या वर्षांत मात्र तो प्राचीन रोमचे अवशेष मोजत होता, वास्तुरचना करत होता आणि कास्तिल्योने या लेखक मित्राच्या मदतीने लिहिलेल्या पत्रात पोपला सांगत होता की चुन्याच्या भट्ट्यांसाठी जुने संगमरवर जाळणे थांबवा. शेवटापासून सुरुवात केल्याने हा प्रौढ राफाएल प्रेक्षक ताजा असतानाच समोर येई.

प्रदर्शन ५ मार्च २०२० रोजी उघडले आणि साथीमुळे तीनच दिवसांत बंद पडले. चित्रे टांगलेल्या अवस्थेत दिवे मालवले गेले. सुदैवाने चित्रे देणाऱ्यांनी मुदत वाढवली आणि २ जून ते ३० ऑगस्ट या काळात, छोट्या गटांनी आणि ठरलेल्या मिनिटांत, ते पुन्हा पाहता आले. बेल्जियममधल्या गेंटचे, व्हान आयक या चित्रकाराचे प्रदर्शन इतके नशीबवान नव्हते. मार्चच्या मध्याला बंद झालेले ते पुन्हा उघडलेच नाही. लंडनचे २०२० मध्ये ठरलेले राफाएल प्रदर्शन २०२२ मध्ये झाले.

११. ‘अथेन्सची पाठशाळा’ किंवा ‘अखेरचे भोजन’ अशा प्रदर्शनांत कधी येतील का?

येणार नाहीत, ती भिंतीचाच भाग आहेत. त्यांच्या तयारीची रेखाटने पाहता येतात: ‘अथेन्सची पाठशाळा’साठी राफाएलने काढलेले सुमारे आठ मीटर लांबीचे मूळ रेखाटन मिलानच्या आंब्रोझियानात आहे. लिओनार्दोचे ‘अखेरचे भोजन’ मिलानमध्येच, मठाच्या भोजनगृहात, आगाऊ नोंदणी करून १५ मिनिटे पाहायला मिळते.

या नियमाला अपवाद आहे, आणि तो आपत्तीतून जन्मला. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नो नदीचा पूर फ्लॉरेन्समध्ये शिरला, भिंती ओल धरू लागल्या आणि अनेक भित्तिचित्रे वाचवण्यासाठी उतरवावी लागली. चित्रावर सरसात भिजवलेले कापड चिकटवतात. ते वाळून आक्रसले की रंगाचा पापुद्रा घेऊन सुटते, आणि मग तो पापुद्रा नव्या पाठीवर बसवतात. अशी उतरवलेली भित्तिचित्रे १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात दाखवली गेली. उतरवल्यावर भिंतीवर खालचे लाल रेखाटनही सापडले, जे चित्रकारानंतर कोणीच पाहिलेले नव्हते.

१२. फलकावर ‘लिओनार्दोची कार्यशाळा’ असे लिहिले असेल तर चित्र खोटे समजावे का?

खोटे नव्हे. त्या काळी चित्रशाळा ही आपल्या सोनाराच्या पेढीसारखी होती: नाव मालकाचे, हात अनेकांचे. ‘कार्यशाळा’ म्हणजे त्याच्या देखरेखीखाली शिष्यांनी केलेले, ‘अनुयायी’ म्हणजे शैली उचललेल्याचे, ‘वरून’ म्हणजे नंतर केलेली नक्कल. ‘श्रेय दिले जाते’ हे शब्द दिसले की तज्ज्ञांत एकमत नाही असे समजावे.

हे शब्द किती महाग पडतात ते ‘साल्वातोर मुंदी’ (जगाचा तारणहार) या ख्रिस्ताच्या चित्रावरून दिसले. २०११ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात हे चित्र लिओनार्दोचे म्हणून टांगले गेले आणि २०१७ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या लिलावात ४५ कोटी ३ लाख डॉलरला गेले. पॅरिसच्या प्रदर्शनात ते येणार अशी शेवटपर्यंत चर्चा होती, पण आले नाही. त्याच्या जागी त्याच विषयाची, कार्यशाळेतील मानली जाणारी दुसरी आवृत्ती होती. प्रदर्शनात टांगले गेल्याने चित्राची पत वाढते, म्हणून खासगी मालकीच्या चित्रांबाबत संग्रहालयांनी अधिक हात राखून असावे, असे माझे मत आहे.

१३. मॉलमध्ये भिंतभर प्रकाशात दाखवतात ते रेनेसान्स प्रदर्शन पाहण्यासारखे असते का?

लहान मुलांना आवडते. त्यात मूळ कलाकृती एकही नसते, हे तिकीट काढण्यापूर्वी माहीत असावे.

१४. या सगळ्याचा भारताशी काही संबंध आहे का, की आपण उगीच ओढूनताणून लावतो?

एक संबंध अगदी खरा आहे आणि तो गोव्यातून जातो. गुजरातचा सुलतान मुझफ्फरशाह दुसरा याने पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्क याला एक गेंडा भेट दिला. १५१५ च्या जानेवारीत तो गोव्याहून जहाजात चढवला गेला आणि २० मे रोजी लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपने पाहिलेला हा पहिला जिवंत गेंडा. त्याचे वर्णन आणि कच्चे रेखाटन न्यूरेंबर्गला पोहोचले आणि ड्यूररने, गेंडा कधीही न पाहता, त्याचे लाकडी ठशाचे चित्र केले. अंगावर लोहाराने ठोकून बसवल्यासारखी चिलखताची पाने, पायांवर खवले, आणि मानेच्या वर, जेथे कोणत्याही गेंड्याला नसते तेथे, एक छोटे जादा शिंग. वरच्या मजकुरात सालही चुकले आहे, १५१३ छापले आहे. तरीही पुढे अडीचशे वर्षे युरोपला गेंडा म्हणजे हाच.

पोर्तुगालच्या राजाने तो गेंडा पोपला नजराणा म्हणून धाडला. इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडाले आणि साखळदंडात जखडलेला तो प्राणी बुडून मेला. हा पोप म्हणजे लिओ दहावा, प्रश्न ९ मधल्या व्यक्तिचित्रातलाच. त्याच्याकडे भारतातून गेलेला हान्नो नावाचा हत्तीही होता. तो १५१६ मध्ये मेल्यावर त्याच्या स्मरणार्थ चित्र काढायचे काम राफाएलकडे आले. ते चित्र आज उरलेले नाही. ड्यूररचे प्रदर्शन कोठेही भरले तरी गेंडा बहुधा असतोच, कारण ठशाच्या प्रती अनेक आहेत. फलकावर ‘गोवा’ शब्द आहे का, ते अवश्य पाहावे.

१५. असे प्रदर्शन मुंबईत का येत नाही?

येऊच शकत नाही असे नाही. २०२३ च्या डिसेंबरात छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ब्रिटिश म्युझियम, बर्लिनची संग्रहालये आणि अमेरिकेतले गेटी संग्रहालय येथून आलेली प्राचीन ग्रीक-रोमन शिल्पे मांडली गेली. पण दगड आणि पॉप्लरची फळी यांत फरक आहे. फळीला वर्षभर ५० टक्क्यांच्या आसपास स्थिर आर्द्रता लागते आणि मुंबईचा जुलै ८५ टक्क्यांच्या खाली उतरायला तयार नसतो. लाकूड फुगते, आक्रसते, आणि त्यावरचा रंग उचलला जातो. शिवाय उसनवारीच्या हिशेबात (प्रश्न ८) परत काय द्यायचे हेही ठरवावे लागते.

तोवर जुन्या गोव्याला जावे. तेथले से कॅथेड्रल १५६२ मध्ये बांधायला घेतले. त्याचे बाह्यांग तस्कन आणि अंतरंग कोरिंथियन, म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन वास्तुशैलींच्या धाटणीचे आहे. तेथल्याच बॉम जेझू चर्चमधली संत फ्रान्सिस झेवियरची समाधी तस्कनीचा ग्रँड ड्यूक कोझिमो तिसरा याने, म्हणजे फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याने, पाठवली आणि १६९८ मध्ये ती बसवली गेली. शैलीने ती बरोक आहे, तेव्हा काटेकोर वाचकाने ती या पानाच्या बाहेरची समजावी. दगड जडवण्याची कला मात्र फ्लॉरेन्सचीच.

१६. सहलीत तिकिटांचे आणि सुट्यांचे गणित कसे बसवावे?

लूव्र मंगळवारी बंद असते. उफीझी, फ्लॉरेन्सचे आकादेमिया आणि मिलानचे ब्रेरा सोमवारी. व्हॅटिकनची संग्रहालये रविवारी बंद, फक्त महिन्याचा शेवटचा रविवार अपवाद. मोठ्या प्रदर्शनाचे तिकीट वेळेनुसार असते आणि ते निघाल्यावर नव्हे, विमानाच्या तिकिटाबरोबरच काढावे. लंडनने २०११ मध्ये चित्रांसमोर धड उभे राहता यावे म्हणून अर्ध्या तासाला २३० ऐवजी १८० माणसे सोडली, आणि तिकिटे काळ्या बाजारात विकली गेली. लूव्रने शेवटच्या तीन रात्री प्रदर्शन रात्रभर, विनामूल्य, उघडे ठेवले होते. असे काही शेवटी शेवटी होते, म्हणून तारखा हातात असतील तर प्रदर्शनाच्या शेवटाकडे जावे. नाजूक कागद मात्र सुरुवातीलाच पाहून घ्यावेत (प्रश्न ६).

१७. एखादे चित्र पाहायलाच एखाद्या गावी गेलो आणि ते दुसऱ्या प्रदर्शनाला गेलेले असले तर?

तर काहीही करता येत नाही. तिकिटाचे पैसेही परत मिळत नाहीत. निघण्यापूर्वी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर त्या चित्राचे पान उघडून ‘सध्या प्रदर्शनात नाही’ असे लिहिले आहे का ते पाहावे, आणि शंका असेल तर चार ओळींचा ईमेल करावा; उत्तर बहुतेक येते. मी एकदा एवढे न करता इटलीतल्या एका लहान गावी दोन गाड्या बदलून गेलो. भिंतीवर खिळा होता, चित्राच्या आकाराचा थोडा उजळ चौकोन होता आणि मधोमध एक टंकलिखित कार्ड होते. चित्र कोणत्या शहरात पाहायला मिळेल ते त्यावर लिहिले होते. त्या शहरातून मी आदल्याच दिवशी निघालो होतो.